मोटारगाडीच्या डिटेलिंगसाठी तारेचे ड्रिल यंत्र

मोटारगाडीच्या डिटेलिंगसाठी वापरले जाणारे तारेचे ड्रिल यंत्र हे मूलतः भोक पाडण्याचे, घरगुती विजेवर चालणारे हातयंत्र होय. त्याच्या चकमध्ये बिटाऐवजी फोमचा पॅड, लोकरी चकती किंवा नायलॉनचा ब्रश बसवून गाडीचे दिवे, चाके, आसने आणि मर्यादित प्रमाणात रंगाचा पृष्ठभाग स्वच्छ व चकचकीत केला जातो. ‘डिटेलिंग’ला मराठीत प्रतिशब्द रुळलेला नाही, गॅरेजांमध्ये या कामाचा एक भाग ‘रबिंग-पॉलिश’ या जुन्या नावानेच ओळखला जातो.

यंत्राचा आकार आणि त्याची मर्यादा

श्टुटगार्ट येथील फाइन या जर्मन कंपनीने १८९५ मध्ये हातात धरण्याजोगे विजेचे ड्रिल तयार केले. पिस्तुलासारखी मूठ व बोटाने दाबायचा खटका असलेल्या ड्रिलचे पेटंट अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर कंपनीस १९१७ मध्ये मिळाले. आजच्या यंत्राची ठेवण तीच आहे आणि ती भोक पाडण्यासाठी सोयीची आहे. पॉलिश करताना मात्र यंत्र पृष्ठभागावर उभे राहते, हात गाडीपासून वीतभर दूर असतो आणि मनगट किंचित कलले तरी पॅडची कड रंगात रुतते. खास पॉलिशिंग यंत्रात मोटार पृष्ठभागाला समांतर आडवी असते व दोन्ही हात पॅडच्या जवळ राहतात. त्यामुळे संपूर्ण गाडी पॉलिश करावयाची असल्यास ड्रिल हा योग्य पर्याय नव्हे. हेडलाइटच्या काचा, दरवाजाच्या मुठीखालील ओरखडे, मिश्रधातूची चाके, पायाखालचे गालिचे अशा लहान व सुट्या कामांत त्याचा उपयोग निर्विवाद आहे.

वेगाचे नियंत्रण

विक्रेते प्रथम वॅटचा आकडा सांगतात. या कामात तो दुय्यम आहे. ५०० ते ७०० वॅटचे कोणतेही बऱ्या बांधणीचे यंत्र लहान पॅड फिरवू शकते. निर्णायक गोष्ट म्हणजे यंत्र किती सावकाश व किती स्थिर गतीने फिरते ही होय.

याचे कारण रंगाच्या रचनेत आहे. आधुनिक गाडीच्या रंगावर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारणतः ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी किंवा त्याहून कमी असते. सूर्याच्या अतिनील किरणांपासून रंगाचे रक्षण हाच थर करतो. कंपाउंड लावून पॉलिश करणे म्हणजे हा थर थोडा खरवडणे. चकाकी ‘येते’ असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात काहीतरी जात असते. कडांवर व घड्यांवर थर सर्वांत पातळ असतो. तेथे फिरता पॅड एका जागी रेंगाळला तर घर्षणाच्या उष्णतेने तो जळतो, आणि त्यानंतर तो भाग पुन्हा रंगविण्याखेरीज उपाय उरत नाही.

१२५ मिलिमीटर व्यासाचा पॅड मिनिटाला ३००० फेरे घेऊ लागला की त्याची कड सेकंदाला जवळपास २० मीटर वेगाने रंगावरून सरकते. ७५ मिलिमीटरचा पॅड १२०० फेऱ्यांवर ठेवल्यास हाच वेग ५ मीटरच्या आत येतो. म्हणून ज्या यंत्रात खटका दाबण्याच्या प्रमाणात वेग बदलतो आणि कमाल वेग चाकाने बांधून ठेवता येतो, तेच घ्यावे. एकाच वेगाने चालणारी स्वस्त यंत्रे रंगाच्या कामासाठी घेऊ नयेत. दोन गिअरचे यंत्र मिळाल्यास उत्तम, कारण पहिल्या गिअरमध्ये मोटार वेगाने फिरत असूनही चक सावकाश फिरतो. एका गिअरच्या यंत्रात खटका अर्धवट दाबून दीर्घकाळ काम केल्यास मोटारीच्याच आसावर बसविलेला पंखाही मंदावतो आणि मोटार तापते. अशा वेळी अधूनमधून पॅड उचलून, यंत्र भारावाचून पूर्ण वेगाने थोडे फिरू द्यावे.

खरेदीच्या वेळची पाहणी

चकमध्ये सरळ सळई बसवून यंत्र हळू फिरवावे. सळईचे टोक वर्तुळात डोलताना दिसले तर पॅडही तसाच डोलेल. भिंतीसाठी असलेल्या हातोडी-ड्रिलमध्ये ठोका बंद करण्याची कळ असते. ती बंद असूनही काही यंत्रांचा आस पुढे-मागे हलतो, तो हाताने ओढून पाहावा. बाजूची जोडमूठ असणे आवश्यक आहे. वजन दोन किलोच्या आत असावे. दुकानात हलके वाटणारे यंत्र अर्ध्या तासाने हलके राहत नाही. उलट फिरण्याची कळ चुकून दाबली गेल्यास आट्यांवर बसविलेली बॅकिंग प्लेट सैल होऊ शकते.

बॅटरीच्या यंत्राऐवजी तारेचे यंत्र निवडण्याचे कारण साधे गणित आहे. १८ व्होल्ट व ५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ९० वॅट-तास ऊर्जा असते. ३०० वॅटच्या भाराखाली ती सुमारे १८ मिनिटांत संपते. भोके पाडताना यंत्र थांबत थांबत चालते, पॉलिशमध्ये सलग चालते.

हेडलाइटची स्वच्छता

पिवळटलेल्या हेडलाइटचे आवरण काचेचे नसून बहुधा पॉलिकार्बोनेटचे असते. ८०० पासून ३००० क्रमांकापर्यंतच्या पॉलिश कागदाने ते ओले ठेवून क्रमाने घासतात व शेवटी ड्रिलवरील लहान फोम पॅडने चमकवितात. घासण्यात मूळ संरक्षक लेपही निघून जातो. त्यामुळे अतिनील किरणरोधक लेप नव्याने लावला नाही, तर पिवळेपणा लवकर परततो. पॉलिकार्बोनेट उष्णतेने मऊ पडते, तेव्हा येथेही मंद वेगच हवा.

तार आणि पाणी

धुतलेल्या गाडीभोवती जमीन ओली असते आणि २३० व्होल्टची तार तिच्यावरून जाते. या यंत्राचा खरा धोका तोच आहे. एका चौकोनात दुसरा चौकोन ही खूण असलेले, दुहेरी आवरणाचे यंत्र घ्यावे. मात्र ही खूण पाण्यापासून संरक्षणाची नव्हे. वीजजोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. एक्स्टेन्शनची तार किमान १.५ चौरस मिलिमीटर जाडीची असावी व गुंडाळीवरून पूर्ण सोडवून घ्यावी, कारण गुंडाळलेली तार तापते. जोड पाण्यात न ठेवता उंचावर टांगावा. काम करताना तार खांद्यावरून पाठीकडे घेतात. त्यामुळे ती पायांत येत नाही आणि नुकत्याच पॉलिश केलेल्या रंगावर घासून नवे ओरखडेही उठत नाहीत.