फोनचा पडदा संगणकावर

श्रोतेहो, रायगडाच्या पायथ्याशी, पाचाडातील एका ओटीवरची ही गोष्ट. महसूल विभागाने १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू केली. शेतकऱ्याने भाताची नोंद आपल्या मोबाइलवरून आपणच करावयाची, म्हणजे ती सातबाऱ्यावर चढते. ती राहिली, तर अतिवृष्टीनंतर भरपाई मागताना अडचण होऊ शकते. मी एका शेजाऱ्याला हे दाखवू लागलो, तो आठ डोकी त्या वीतभर पडद्यावर वाकली. मागून एक आजोबा म्हणाले, "सर, आम्हांला नुसता तुमचा आंगठा दिसतोय!"

मग मी फोन लॅपटॉपला जोडला. आता आपण विचाराल, नुसत्या वायरीने पडदा कसा दिसेल? नाहीच दिसत, फोनची परवानगी लागते. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये 'बिल्ड नंबर'वर सात वेळा बोट टेकवले, की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तेथे 'यूएसबी डिबगिंग' चालू करावयाचे. फोन विचारतो, या संगणकावर विश्वास ठेवू का? होय म्हणावे. वायर मात्र माहिती वाहून नेणारी हवी. काही वायरी केवळ चार्जिंगच्या असतात.

संगणकावर 'स्क्रीन कॉपी' या उच्चाराचा, २०१८ साली आलेला मोफत प्रोग्रॅम मी वापरतो. फोन आपले चित्र आटोपशीर करून वायरीतून धाडतो, संगणक ते उलगडून खिडकीत दाखवतो. त्यासाठी इंटरनेट लागत नाही. तेथे माउसच बोटाचे काम करतो, आणि हवे तर सारे ध्वनिचित्रमुद्रित करून ठेवता येते. आयफोनवाल्यांना मॅकच्या क्विकटाइममध्ये २०१४ पासून वायरीने असे मुद्रण करता येते.

बँकेचे ॲप उघडले, तर पुष्कळदा खिडकी काळी पडते. तो बिघाड नव्हे. पडदा टिपू देऊ नये, असे ॲपनेच फोनला बजावलेले असते. पण संदेशात आलेला ओटीपी मात्र सर्वांना दिसू शकतो! म्हणून दाखवण्याआधी सूचना बंद कराव्यात. आणि फोनवरून कोणी अनोळखी माणूस "तुमचा पडदा मला दाखवा" म्हणाला, तर साफ नकार द्यावा.

त्या सायंकाळी आजोबांनी लॅपटॉपवर दोनदा पाहिले, मग आपल्या फोनवर स्वतः नोंद केली. मीही वायर काढली आणि डिबगिंग आठवणीने बंद केले.