खिडकीजवळची जागा

बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला प्रवासाला जायचं म्हटलं की आधी बॅग आठवत नाही, तक्ता आठवतो. आडवे रकाने, उभे रकाने आणि शेवटी बेरीज. २०२३ सालच्या जूनमध्ये आम्ही बारा जण स्वित्झर्लंडला गेलो, तेव्हा आगगाडीच्या जागा आणि पास ठरवण्याचं काम माझ्याकडे आलं, ते याच कीर्तीमुळे. बारा म्हणजे आमच्या शाखेतली पाच जोडपी, निवृत्त कॅशिअर असलेल्या आमच्या ताई आणि एकाचा दहा वर्षांचा नातू. एखाद्या सहल कंपनीबरोबर न जाता आपलं आपण जायचं, रेल्वेनं फिरायचं, असं ठरलं होतं.

माझा तक्ता तसा चोख होता. बेरीज एका पैशानंही चुकली नाही. तरी त्या प्रवासात मी एक मोठी चूक केली. अशा प्रवासाची आखणी करणाऱ्या कुणाच्या ती उपयोगी पडेल म्हणून आज सांगतो.

आपल्याकडे रेल्वेचा प्रवास म्हणजे आरक्षण, वेटिंग लिस्ट आणि 'चार्ट लागला का?' ही धाकधूक. तिथे साध्या गाड्यांना आरक्षण लागतच नाही. तिकीट किंवा पास खिशात असला की समोर येईल त्या गाडीत चढायचं आणि रिकाम्या जागेवर बसायचं. १९८२ साली त्यांनी देशभर एकसारखं वेळापत्रक आणलं. गाडी नऊ वाजून चार मिनिटांनी सुटत असेल, तर दहा वाजून चार मिनिटांनी आणि अकरा वाजून चार मिनिटांनीही सुटणार. एक चुकली तर पुढची आहेच. दहा किंवा जास्त माणसांचा गट असेल तर मात्र रेल्वेला आधी कळवलेलं बरं. नाहीतर बारा माणसं आणि चौदा बॅगा एका डब्यात घुसल्या की रोजच्या प्रवाशांच्या कपाळावर आठ्या पडतात.

गाडी बदलायला पुष्कळदा पाच-सात मिनिटंच मिळतात. म्हणून मी चौघाचौघांच्या तीन तुकड्या केल्या. प्रत्येक तुकडीला एक म्होरक्या दिला आणि फलाटावर कुठल्या अक्षराखाली उभं राहायचं ते आधीच ठरवून टाकलं. तिथल्या फलाटांवर ए, बी, सी, डी असे भाग पाडलेले असतात आणि गाडीचा कुठला डबा कुठे येणार, हे पाटीवर दिसतं. ही अक्षरं शोभेची नसतात, हे इंटरलाकेनला कळलं. तिथून सुटणारी एकच गाडी पुढे झ्वायल्युचिनेन नावाच्या छोट्या स्टेशनात दोन भागांत तुटते. एक भाग लाउटरब्रुनेनला जातो, दुसरा ग्रिंडेलवाल्डला. आम्हाला ग्रिंडेलवाल्डला जायचं होतं आणि ताई दोघांना घेऊन खिडकी बघून पुढच्या डब्यात जाऊन बसल्या होत्या. त्या छोट्या स्टेशनात तिघांना फलाटावरून पळवत आणावं लागलं. "एका गाडीची दोन गावं कशी काय?" हे ताईंचं कोडं संध्याकाळपर्यंत सुटलं नव्हतं.

आता पासांकडे येतो. परदेशी प्रवाशाला तिथे मुख्यतः दोन वाटा असतात. पहिली वाट स्विस ट्रॅव्हल पासची. तीन, चार, सहा, आठ किंवा पंधरा दिवसांचा हा पास एकदा घेतला की गाड्या, बस, तलावातल्या बोटी, शहरातल्या ट्रॅम सगळं त्यात येतं. रिगीसारख्या काही डोंगरांवर जाणंही त्यातच येतं. सगळे डोंगर मात्र येत नाहीत. युंगफ्राउयोखला, म्हणजे ३,४५४ मीटर उंचीवरच्या त्या प्रसिद्ध स्टेशनला जायचं, तर ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगनपर्यंत पास चालतो आणि त्यापुढे तिकिटावर पंचवीस टक्के सूट मिळते. दुसरी वाट हाफ फेअर कार्डाची. हे कार्ड महिनाभर चालतं आणि ते दाखवलं की जवळजवळ प्रत्येक तिकीट निम्म्या किमतीत मिळतं, युंगफ्राउयोखचंसुद्धा. मुलांचं गणित वेगळं. आई किंवा वडील सोबत असतील तर सोळा वर्षांखालच्या मुलाला कौटुंबिक कार्डावर फुकट नेता येतं. आजी-आजोबा त्यात बसत नाहीत. आमच्या नातवाचे आईवडील मुंबईतच होते, त्यामुळे त्याला अर्धं तिकीट पडलं.

कुठली वाट घ्यायची हे ठरवण्याची रीत सोपी आहे. जिथे जिथे जायचं तिथली पूर्ण तिकिटं एका रकान्यात मांडायची, बेरीज निम्मी करायची आणि त्यात कार्डाची किंमत मिळवायची. दुसऱ्या रकान्यात पासची किंमत आणि पासात न बसणारा खर्च. लहान असेल ती बेरीज आपली. दर वर्षी दर बदलतात, तेव्हा जुन्या माणसाच्या आकड्यांवर विसंबू नये. आमचा मार्ग होता झुरिक, ल्युत्सर्न, इंटरलाकेन, झेरमाट, सेंट मॉरिट्झ आणि परत झुरिक. त्यात युंगफ्राउयोख होतं. बेरीज केली, तर हाफ फेअर कार्ड माणशी बऱ्यापैकी स्वस्त पडत होतं. ठाण्याला आमच्या घरी बैठक झाली. मी तक्ता फिरवला. सगळ्यांनी माना डोलावल्या. नाना तेवढा म्हणाला, "स्वस्त पडतं तेच घे रे."

नाना म्हणजे माझ्याच वेळी बँकेत लागलेला माझा मित्र. २००१ साली बँकांमध्ये स्वेच्छानिवृत्तीची लाट आली, तेव्हा भावाच्या धंद्यासाठी पैसे हवेत म्हणून यानं ती घेतली. धंदा तीन वर्षांत बुडाला. भाऊ काही बोलला नाही आणि नानानंही विचारलं नाही. आम्ही बाकीचे साठीपर्यंत टिकलो, बढत्या घेतल्या. त्याची पेन्शन आणि आमची पेन्शन यांत किती फरक आहे हे मला माहीत होतं. बँकवाल्याला हे माहीत असतंच, तो फक्त बोलत नाही. मी तर बोललोही नाही आणि विचारही केला नाही.

माझी पद्धत अशी होती. रोज सकाळी न्याहारीच्या वेळी मी वही घेऊन बसे. आज अमुक ठिकाणी जायचं, माणशी इतके फ्रँक, कोण कोण येणार? पैसे गोळा करायचे, नावापुढे बरोबरची खूण करायची आणि सगळ्यांची तिकिटं एकदम काढायची. एकेकाळी कॅश काउंटरवर बसत असे, तसाच मी पावाच्या टोपलीशेजारी बसत होतो.

ल्युत्सर्नला दुसऱ्या दिवशी बोटीनं व्हिट्झनाउला आणि तिथून दात्यांच्या रेल्वेनं रिगीवर जायचं होतं. युरोपातली ही पहिली डोंगरी रेल्वे, १८७१ सालची. नाना म्हणाला, "आज उन्हानं डोकं जड झालंय. मी तळ्याकाठी बसतो. हिला घेऊन जा." वहिनींच्या नावापुढे खूण झाली, त्याच्या नावापुढे आडवी रेघ. इंटरलाकेनला युंगफ्राउयोखची सकाळ उजाडली. तिकिटाचा आकडा निम्मा होऊनही मोठाच होता. नाना म्हणाला, "गुडघे धरलेत रे. वर थंडीत आणखी धरतील." तेवढ्यात आमचा नातू बोलून गेला, "पण नानाआजोबा, काल तर तुम्ही माझ्याशी शर्यत लावून जिना चढलात!" सगळे हसले. नानाही हसला. मी रेघ ओढली.

त्या दिवशी आम्ही वर गेलो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काम सुरू करून १९१२ साली पुरी केलेली ती रेल्वे, आयगरच्या पोटातला तो बोगदा, बाहेर डोळे दिपवणारा आलेच हिमनदीचा पट्टा. सगळं पाहिलं. बर्फात उभं राहून वहिनी हळूच म्हणाल्या, "भावजी, ह्यांचे गुडघे ठणठणीत आहेत हो." एवढंच. पुढे त्या नातवाला स्वेटरची बटणं लावायला गेल्या. मी तिथेच उभा राहिलो. मग समोरचा पर्वत काही मला नीट दिसला नाही.

संध्याकाळी आरे नदीच्या काठावर नाना एका बाकावर बसला होता. नदीचं पाणी हिरवं-निळं, दुधाळ. मी शेजारी बसलो. काय बोलावं कळेना. पैसे पुढे करणं म्हणजे त्याला आणखी खाली ढकलणं. शेवटी तोच बोलला.

"वहिनी बोलली ना तुझी? चेहऱ्यावर दिसतंय."

"अरे, मला सांगायचंस."

"काय सांगायचं? हे बघ, ठाण्याला तू एकच आकडा सांगितला असतास, सगळं धरून, तर मी घरी बसून विचार केला असता. जमलं असतं तर मुदत ठेव मोडून भरले असते. नसतं जमलं तर येत नाही म्हणून फोन केला असता. दोन्हींत लाज नव्हती. पण रोज सकाळी दहा जणांसमोर तू वही उघडतोस आणि मला ठरवावं लागतं. ते जड जातं रे."

तो रागावला नव्हता, म्हणून जास्त लागलं. हाफ फेअर कार्ड स्वस्त होतं हे खरंच. पण ते कार्ड दर वेळी पुन्हा खिशात हात घालायला लावतं. ज्याचा खिसा भरलेला आहे त्याला ते जाणवतही नाही. पास घेतला असता तर तळ्यातली बोट आणि रिगी दोन्ही त्यातच आली असती आणि नाना डोकं न दुखता आमच्याबरोबर असता. युंगफ्राउयोख पासातही वेगळंच पडलं असतं. तेव्हा सगळा दोष कार्डाचाही नाही. दोष वहीचा होता, म्हणजे माझा.

झेरमाटहून सेंट मॉरिट्झला जाणाऱ्या ग्लेशियर एक्सप्रेसची गोष्ट मात्र वेगळी झाली. ही गाडी १९३० साली सुरू झाली. नाव एक्सप्रेस, पण सुमारे आठ तास घेते आणि त्या रमतगमत जाण्याचाच तिला अभिमान आहे. वाटेत २९१ पूल आणि ९१ बोगदे. हिला आरक्षण सक्तीचं असतं आणि कुठलाही पास असला तरी आरक्षणाचा आकार वेगळा भरावा लागतो. उन्हाळ्यात जागा लवकर संपतात म्हणून मी ठाण्याहूनच तिकिटं आणि जागा घेऊन ठेवल्या होत्या. पैसे तेव्हाच जमा झाले होते. त्यामुळे त्या सकाळी वही उघडायचं कारणच नव्हतं. नाना सगळ्यांच्या आधी फलाटावर हजर होता.

दुसऱ्या वर्गाच्या डब्यात चौघांसाठी एक टेबल, समोरासमोर दोन दोन जागा. बारा माणसांना तीन टेबलं, म्हणजे सहा जागा खिडकीच्या आणि सहा आतल्या. निम्म्यांची तोंडं गाडीच्या दिशेला, निम्म्यांची उलटी. ताईंना उलटं बसलं की मळमळतं, त्यांना सुलटी खिडकी दिली. नानानं आपणहून उलटी, आतली जागा घेतली. आयुष्यभराची सवय. काचा थेट छतापर्यंत वळलेल्या असल्यामुळे आतल्या माणसालाही डोंगर दिसतात, हे त्यातल्या त्यात बरं. २,०३३ मीटरवरचा ओबरआल्पपास आम्ही चहाचे कप सांभाळत ओलांडला. पुढे ऱ्हाइनच्या पांढऱ्या कड्यांची घळ लागली.

मग कूर स्टेशन आलं आणि माझा तक्ता उलटा झाला. गाडी तिथे तोंड फिरवते, हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. आल्या दिशेनंच ती निघाली. सुलटे होते ते उलटे झाले, डावे ते उजवे झाले. ताई ओरडल्या, "अहो, मी मागे चालले!" नाना उठला, त्यांना आपली जागा दिली आणि त्यांच्या जागी खिडकीशी बसला. पुढे लांडवासरचा पूल आला. पासष्ट मीटर उंच, सहा कमानींचा, वळत वळत थेट कड्यातल्या बोगद्यात शिरणारा. नानानं काचेला कपाळ टेकवलं होतं. नातू त्याच्या मांडीवर चढू पाहत होता. दोघंही काही बोलत नव्हते.

आता आमची मंडळी ऑस्ट्रियाचं बोलायला लागली आहेत. या वेळी रीत बदलली आहे. आधी मार्ग ठरवायचा, तोही सर्वांत लहान खिशाला पेलेल असा. एखादा डोंगर कमी झाला तरी चालेल. मग गाड्या, आरक्षणं, डोंगर, बोटी सगळं धरून माणशी एकच आकडा काढायचा, वर थोडी शिल्लक. तो प्रत्येकाला चिठ्ठीत द्यायचा आणि उत्तराला पंधरा दिवस द्यायचे. नाही म्हणायचं असेल त्यानं घरात बसून म्हणावं. हो म्हणणाऱ्यांनी वर्षभर आवर्ती ठेवीत दरमहा हप्ता भरायचा. एकदा विमानात बसलं की प्रवासाच्या तिकिटासाठी कुणी कुणापुढे पाकीट उघडायचं नाही.

ही योजना मी नानाला फोनवर सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आकडा कोण काढणार?"

"मी काढीन. पण वही तू ठेवायचीस."

"ठेवीन," तो म्हणाला. "पण तुझी बेरीज मी एकदा तपासणार. कूर स्टेशन विसरणाऱ्या माणसावर माझा भरवसा नाही."