सामन्याचा शेवट अनिश्चित, ड्रोनची वेळ मात्र ठरलेली
ई-स्पोर्ट्सची अंतिम फेरी आणि आकाशातील रोषणाई एकाच संध्याकाळी घेताना काय जुळवावे लागते, रायपूरच्या निमित्ताने

रायपूर : बंदिस्त क्रीडागृहात मोबाइलवर खेळला जाणारा अंतिम सामना आणि तो संपताच बाहेरच्या आभाळात शेकडो ड्रोननी रेखाटलेले विजेत्या संघाचे नाव. प्रेक्षकाला हा एकच सोहळा वाटतो. प्रत्यक्षात छताखालचा आणि आभाळातला असे हे दोन स्वतंत्र कार्यक्रम असतात. दोहोंचे नियम निराळे, धोके निराळे आणि घड्याळही निराळे.

ई-स्पोर्ट्सचे मोठे सामने एकेकाळी महानगरांपुरते मर्यादित होते. मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एप्रिल २०१९ मध्ये ‘ईएसएल वन’ ही ‘डोटा २’ची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हा पडद्यावरचा खेळ पाहण्यासाठी तिकीट काढून जाण्याची कल्पना अनेकांना नवी होती. ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’च्या अंतिम फेऱ्या त्यानंतर हैदराबाद, कोची आणि कोलकाता या शहरांत झाल्या. खेळणारा वर्ग लहान शहरांत आणि तालुक्याच्या गावांत पसरलेला असल्याने सामने त्याच्याजवळ जाणे स्वाभाविकच आहे. असा सोहळा रायपूरसारख्या राजधानीच्या शहरात भरवायचा झाल्यास कोणकोणत्या गोष्टी जुळून याव्या लागतील, हे समजून घेणे प्रेक्षकांच्याही हिताचे आहे.

प्रथम छताखालचा खेळ. या प्रकारच्या अंतिम फेरीत साधारणपणे प्रत्येकी चौघांचे १६ संघ, म्हणजे ६४ खेळाडू एकाच नकाशावर उतरतात. सुरक्षित वर्तुळ आकसत जाते आणि अखेरीस एकच संघ उरतो. अशा एका डावाला सुमारे अर्धा तास लागतो. दिवसाला पाच-सहा डाव आणि तीन दिवसांची अंतिम फेरी, असे सर्वसाधारण वेळापत्रक असते.

कबड्डीच्या मैदानावर चढाई करणारा आणि प्रेक्षक दोघेही तेच पाहत असतात. येथे तसे नाही. खेळाडूला फक्त आपल्या हातातील पडद्यापुरते दिसते. प्रेक्षकाला मात्र भव्य पडद्यावर सर्व संघांच्या जागा, झुडपाआड दबा धरून बसलेला प्रतिस्पर्धी आणि त्याच्याकडे बेसावधपणे निघालेला संघ हे सारे एकाच वेळी दिसते. डावात न खेळता केवळ दृश्ये निवडणारे ‘ऑब्झर्व्हर’ हे काम करतात. कोणत्या चकमकीकडे कॅमेरा वळवायचा, याचा निर्णय त्यांना क्षणार्धात घ्यावा लागतो. चांगला ऑब्झर्व्हर नसेल तर निर्णायक चकमक पडद्यावर येण्याआधीच संपून जाते आणि सभागृहाला केवळ तिचा निकाल कळतो.

प्रेक्षक अधिक जाणतो, यातूनच आयोजकांची एक अडचण निर्माण होते. सभागृहात अचानक उठलेला गलका खेळाडूला सावध करू शकतो. म्हणून खेळाडूंच्या कानांवर बाहेरचा आवाज रोखणारे हेडफोन असतात. इंटरनेटवरील प्रक्षेपणही मुद्दाम काही मिनिटे मागे ठेवले जाते, जेणेकरून बाहेरून कोणी एखाद्या संघाला माहिती पुरवू नये. घरी पाहणाऱ्या मित्राला सभागृहातून फोन करून निकाल आधीच सांगता येतो, तो त्यामुळेच.

आता गुणांचे गणित. रूढ पद्धतीनुसार डाव जिंकणाऱ्या संघाला १० गुण, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला ५ आणि पुढे आठव्या क्रमांकापर्यंत घटत जाणारे गुण मिळतात. त्याशिवाय बाद केलेल्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्यामागे एक गुण. समजा, शेवटच्या डावापूर्वी एक संघ १५ गुणांनी पिछाडीवर आहे. त्याने तो डाव जिंकला आणि नऊ प्रतिस्पर्धी बाद केले, तर त्याच्या खात्यात १९ गुणांची भर पडते. आघाडीवरचा संघ त्याच डावात लवकर बाद झाला, तर विजेतेपद निसटते. म्हणजे शेवटच्या डावाचे शेवटचे वर्तुळ मिटेपर्यंत तीन-चार संघ तरी दावेदार असू शकतात. त्यात एखाद्या खेळाडूचा फोन बंद पडला, जाळ्यात बिघाड झाला किंवा डाव पुन्हा खेळवावा लागला, तर वेळापत्रक तासभरही पुढे सरकते. क्रिकेटमध्ये किमान षटके मोजता येतात. येथे तीही सोय नाही.

आभाळातला कार्यक्रम याच्या अगदी उलट स्वभावाचा आहे. त्यात अनिश्चिततेला वावच ठेवलेला नसतो.

ड्रोनचा थवा कोणी हातातील कळीने उडवत नाही. प्रत्येक ड्रोनने कोणत्या सेकंदाला नेमक्या कोणत्या बिंदूवर असावे आणि त्याचा दिवा कोणत्या रंगाचा असावा, हे संगणकावर आधीच निश्चित केलेले असते. दोन ड्रोनच्या मार्गांत पुरेसे अंतर राहते की नाही, याची तपासणीही जमिनीवरच होते. साध्या उपग्रह-दिशादर्शनात काही मीटरची चूक संभवते आणि एवढ्या चुकीने अक्षर ओळखू येणार नाही, शिवाय ड्रोन एकमेकांवर आदळतील. म्हणून मैदानात एक स्थिर केंद्र उभारून त्याच्याकडून चुकीची दुरुस्ती सतत पाठवली जाते आणि अचूकता काही सेंटिमीटरपर्यंत आणली जाते. जमिनीवरील चमूकडे मुख्यत्वे दोनच अधिकार उरतात : प्रारंभ करणे आणि थांबवणे.

या तंत्रात भारत मागे नाही. दिल्लीत २९ जानेवारी २०२२ रोजी ‘बीटिंग रिट्रीट’ समारंभात आयआयटी दिल्लीत आकाराला आलेल्या ‘बोटलॅब डायनॅमिक्स’ या नवउद्यमाने १,००० ड्रोनचे सुमारे दहा मिनिटांचे सादरीकरण केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये विजयवाड्यात कृष्णेच्या काठावर ५,५०० ड्रोन एकाच वेळी उडाले. दहा मिनिटांचा हा आकडा योगायोगाचा नाही. अशा लहान ड्रोनची बॅटरी फार वेळ टिकत नाही; त्यात उड्डाण, आकृत्या आणि सुरक्षित परतणे हे सारे बसवावे लागते.

मग विजेत्याचे नाव आभाळात उमटते कसे? सामना संपल्यावर नव्याने मार्ग आखणे व तपासणे त्या घाईत शक्य नसते. साधा उपाय असा की, दावेदार असलेल्या प्रत्येक संघासाठी शेवटचे चित्र आधीच तयार ठेवायचे आणि निकाल लागताच योग्य ते निवडायचे. आभाळात एक नाव उमटते तेव्हा न दिसलेली काही नावे संगणकात पडून राहिलेली असतात. पराभूत संघाच्या दृष्टीने यापेक्षा चुटपुट लावणारी गोष्ट दुसरी नसेल.

हे जमले तरी वेळेचा प्रश्न सुटत नाही, कारण आकाश आयोजकांच्या मालकीचे नसते. केंद्र सरकारच्या ड्रोन नियम, २०२१ नुसार देशाचे हवाई क्षेत्र हिरव्या, पिवळ्या आणि लाल विभागांत वाटले आहे. हिरव्या विभागात ४०० फुटांपर्यंत उड्डाणासाठी पूर्वपरवानगी लागत नाही. परंतु चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मुभा २०० फुटांवर येते आणि ८ किलोमीटरच्या आत विमान वाहतूक नियंत्रणाच्या परवानगीशिवाय उड्डाण करता येत नाही.

रायपूरच्या बाबतीत हा तपशील कळीचा ठरतो. माना येथील स्वामी विवेकानंद विमानतळ जुने शहर आणि नवा रायपूर यांच्या मध्ये आहे. मोकळी मैदाने, रुंद रस्ते आणि क्रिकेटचे आंतरराष्ट्रीय स्टेडियम नवा रायपूरकडे. म्हणजे सोयीची जागा नेमकी विमानतळाच्या बाजूला. तेथे भव्य आकृती उभारायची तर हवाई नियंत्रणाशी वेळ ठरवून घेणे क्रमप्राप्त आहे. अशी वेळ विमानांच्या ये-जा पाहून दिली जाणार. शेवटचा डाव लांबला म्हणून ती आपोआप पुढे सरकत नाही. त्यामुळे शहाणा आयोजक ड्रोनचे सादरीकरण सामन्याच्या शेवटाला घट्ट बांधत नाही. अंधार पडताच शेवटच्या डावापूर्वी ते उरकणे किंवा चषक प्रदानानंतर भरपूर अवकाश ठेवणे, हे दोन मार्ग त्याच्यापुढे असतात. पहिल्या मार्गात विजेत्याचे नाव गमवावे लागते, तरीही तो अधिक सुरक्षित आहे.

पर्याय जुन्या शहराचा. बुढापारा येथील सरदार बलबीरसिंग जुनेजा इनडोअर स्टेडियम बुढा तलावालगत आहे. पाण्यावरून ड्रोन उडवले तर बिघडलेला ड्रोन माणसांवर न पडता तळ्यात पडेल, हा मोठा लाभ. पण भोवती दाट वस्ती आणि अरुंद रस्ते आहेत. शिवाय तळे जवळ असणे पुरेसे नाही, प्रेक्षक आणि उड्डाणक्षेत्र यांत अंतरही हवे. अमेरिकेतील ऑरलँडो येथे २१ डिसेंबर २०२४ रोजी तळ्यावरच चाललेल्या सादरीकरणात ड्रोन एकमेकांवर आदळले, काही काठावरील गर्दीत शिरले आणि सात वर्षांचा मुलगा गंभीर जखमी झाला. प्राथमिक तपासात उड्डाणापूर्वीच्या संगणकीय मांडणीतील त्रुटी पुढे आल्या. ठरावीक सीमेबाहेर जाणारा ड्रोन आपोआप थांबावा यासाठी आखली जाणारी अदृश्य कुंपणरेषाही माणसांनीच भरलेल्या आकड्यांवर चालते.

ड्रोनपेक्षाही गर्दीचा धोका मोठा आहे. सभागृहाला तिकीट असते, आभाळाला नसते. आत पाच हजार माणसे असतील, तर रोषणाई पाहायला बाहेर किती जमतील याचा अंदाज तिकीटविक्रीवरून लागत नाही. सामना संपताच आतील सर्वजण एकदम दाराकडे निघाले आणि बाहेरची गर्दी त्याच दाराशी उभी असली, तर काय होऊ शकते हे देशाने पाहिले आहे. बेंगळुरूत ४ जून २०२५ रोजी विजयोत्सवासाठी लोटलेल्या गर्दीत चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर ११ जणांचा मृत्यू झाला. ई-स्पोर्ट्सच्या प्रेक्षकांत शाळकरी मुलांचे प्रमाण अधिक असते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. बाहेर पडण्याचे आणि रोषणाई पाहण्याचे मार्ग वेगळे ठेवणे, तसेच दोन कार्यक्रमांत अर्ध्या-पाऊण तासाचे अंतर ठेवणे याला पर्याय नाही.

पालकांच्या मनातील प्रश्न मात्र बहुधा निराळाच असतो : हा जुगार तर नव्हे? छत्तीसगडमध्ये ही शंका अकारण नाही. ‘महादेव’ या सट्टेबाजीच्या ॲपच्या प्रकरणाचे धागे रायपूरशेजारच्या भिलाईपर्यंत पोहोचले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने त्यासह २२ बेकायदा ॲप व संकेतस्थळे बंद केली. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन कायद्याने या दोहोंत स्पष्ट रेषा आखली. ज्याचा निकाल कौशल्य, चपळता आणि डावपेच यांवर ठरतो, ज्यात पैज लावली जात नाही आणि ज्याला रीतसर मान्यता व नोंदणी आहे, तो ई-स्पोर्ट. त्यात प्रवेशशुल्क घेता येते, कामगिरीवर बक्षीसही देता येते. पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ मात्र पूर्णतः निषिद्ध आहेत. ते चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यांची जाहिरात करणे हाही गुन्हा आहे. म्हणून स्पर्धेच्या आवारात ‘विजेता ओळखा, पैसे जिंका’ असा फलक कोणी लावला, तर तो खेळाचा भाग नाही, एवढे पालकांनी निश्चित समजावे.

बिलासपूर-नागपूर वंदे भारत रायपूर, दुर्ग, राजनांदगाव आणि गोंदियाला थांबते, त्यामुळे विदर्भातील तरुणांना रायपूरची स्पर्धा मुंबईपेक्षा जवळची. पण मुख्यतः ड्रोन पाहण्यासाठी निघणाऱ्यांनी तिकिटावरील बारीक अक्षरांतील अटी वाचाव्यात. वाऱ्याचा वेग मर्यादेपलीकडे गेला किंवा पावसाची सर आली, तर ड्रोन उडत नाहीत आणि हा निर्णय कधी कधी उड्डाणाच्या काही मिनिटे आधी होतो. तिकीट सामन्याचे असते. रोषणाई रद्द झाल्यास पैसे परत मिळतील की नाही, ते त्याच अटींत लिहिलेले असते.