परसातली कोरफड आणि केसांचं न्हाणं

आळेफाट्याहून अहिल्यानगरच्या दिशेने निघालं की आणे घाट चढून रस्ता पठारावर येतो. रंगदास स्वामींच्या यात्रेतल्या आमटी-भाकरीमुळे आणे गावाचं नाव दूरवर पोचलं आहे. पाण्याची मात्र या पठारावर कायमची ओढाताण. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाचही धरणं जुन्नर-आंबेगावातली, पण कालव्याचं पाणी एवढ्या उंचीवर चढत नाही. शेती पावसाच्या भरवशावर आणि घरखर्चाचं पाणी विहिरी-बोअरचं. अशा मुलखात फारसे लाड न करताही हिरवीगार राहते ती कोरफड. केसांसाठी घरच्या घरी काही करायचं तर सुरुवात तिच्यापासून करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त तिच्याकडून काय मागायचं आणि काय मागायचं नाही, हे आधी समजून घ्यायला हवं.

कोरफड मूळची अरबी द्वीपकल्पातली. बहुतेक झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडून हवा घेतात आणि त्या वाटेने पाणी गमावतात. कोरफड ही छिद्रं रात्रीच्या गारव्यात उघडते, हवेतला कार्बन आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा दारं बंद करून उन्हावर आपलं अन्न तयार करते. दृष्ट लागू नये म्हणून दारावर उलटी टांगलेली कोरफड मातीवाचून महिनोन्‌महिने जगते, ती याच काटकसरीमुळे.

तिचं पान आडवं कापून पाहावं. बाहेर जाड हिरवी साल, सालीलगत पिवळसर कडू चीक आणि आत काचेसारखा गर. या गरात जवळजवळ ९९ टक्के पाणी असतं; उरलेल्या भागात लांब साखळीच्या शर्करा, थोडी खनिजं आणि आम्लं. बुळबुळीतपणा येतो तो त्या शर्करांमुळे. केसांच्या उपयोगाचा आहे तो हा गर. चीक ही वेगळीच वस्तू आहे. तो वाळवला की काळा बोळ होतो, जो आपल्याकडे औषधात पूर्वापार वापरला जातो. त्यातलं अ‍ॅलोइन जोरदार रेचक आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ साली डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या रेचकांतून हा चीक हद्दपार केला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अख्ख्या पानाचा अर्क माणसात कर्करोग घडवू शकण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत घातला. हा इशारा पोटात घेण्याविषयीचा आहे. त्वचेवर चीक राहिला तर खाज आणि लाली येते, आणि ‘मला कोरफड सोसत नाही’ असं म्हणणाऱ्या अनेकींचा खरा त्रास या चिकाचा असू शकतो.

म्हणून सगळं कसब पान कापण्यात आहे. मधली कोवळी पानं झाडाला राहू द्यावीत; बुंध्याजवळचं, बाहेरचं, जाडजूड पान घ्यावं. कापलेलं टोक खाली करून ते भांड्यात वीस मिनिटं उभं ठेवावं, म्हणजे पिवळा चीक निथळून जातो. मग पान धुवावं, दोन्ही कडांचे काटे काढावेत, साल थोडी जाडच सोलावी आणि गर पुन्हा पाण्याखाली धरावा. पिवळी छटा दिसली तर तो भाग टाकून द्यावा. गर मिक्सरमधून फिरवून मलमलच्या फडक्यातून गाळावा. गाळायचा कंटाळा केला तर गराचे कण केसांत वाळतात आणि कोंड्यासारखे दिसतात.

इथे एक सावधगिरी. आपल्याकडे बांधावर घायपात असते आणि नवख्याला ती मोठी कोरफड वाटू शकते. घायपातीच्या पानाच्या टोकाला सुईसारखा टणक काटा असतो आणि आत गराऐवजी चिवट धागे. तिच्या रसात सूक्ष्म स्फटिक असतात. रस अंगाला लागला तर आग होते. ओळख पटल्याशिवाय पान डोक्याला लावू नये. खरी कोरफड असली तरी आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा गर लावून एक दिवस वाट पाहावी.

लावायची रीत सोपी आहे. केसांचे भांग पाडत गर बोटांनी टाळूला लावावा, उरलेला केसांच्या लांबीवर ओढावा, अर्धा तास थांबून धुवावा. केस फार रुक्ष असतील तर रात्री भिजवलेली चमचाभर मेथी वाटून त्यात मिसळावी. जास्वंदीची पानं पाण्यात चुरली तरी तसाच बुळबुळीतपणा येतो. ती दारात असतील तर जरूर घालावीत. लिंबू मात्र टाळूला खाज किंवा जखम असताना नको.

बोअरचं पाणी जड असेल, तर त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून चिकट साका तयार करतात. तो केसांवर बसतो आणि केस राठ लागतात. अशा वेळी कोरफडीला दोष देण्यात अर्थ नाही. शिकेकाई किंवा रिठ्याचा फेस वेगळ्या द्रव्यांचा असतो, त्यामुळे असा साका बसत नाही. शेवटचं पाणी साठवलेलं पावसाचं मिळालं तर फारच उत्तम.

‘कोरफडीचं तेल’ या प्रकाराबद्दल मात्र थोडं कठोर बोलायला हवं. गरातल्या शर्करा पाण्यात विरघळतात, तेलात नाही. गर खोबरेल तेलात कढवला की पाणी उडून जातं आणि हाती मुख्यतः खोबरेलच उरतं. ते वाईट नाही. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना केली होती. केसांतली प्रथिनं कमी होण्याचं प्रमाण खोबरेलानेच घटलं. तेल करायचंच असेल तर तडतड पूर्ण थांबेपर्यंत मंद आचेवर कढवावं. पाण्याचा अंश राहिला तर तेल लवकर बिघडतं.

गर साठवायचा मोह आवरावा. कापल्यावर तो तांबूस होऊ लागतो आणि त्यात जंतू वाढतात. फ्रीजमध्ये दोन दिवस, बर्फाच्या साच्यात गोठवला तर काही आठवडे. दुकानातल्या बाटलीत तो टिकतो, कारण त्यात परिरक्षकं असतात. भडक हिरवा रंगही वरून घातलेला असतो. खरा गर जवळजवळ रंगहीन दिसतो.

आता मागायचं काय? टाळूची खाज शमते, केस मऊ होतात, गुंता सुटतो. तेलकट खपल्यांच्या कोंड्यावर कोरफडीच्या मलमाचा फायदा १९९९ सालच्या एका चाचणीत दिसला होता. पण टकलावर केस उगवतात, पांढरे केस काळे होतात, ही आशा कोणी दाखवू नये. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणं स्वाभाविकच आहे. बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी मुठीने केस जातात, तेही बहुधा आपोआप थांबतं. सतत गळती, थकवा आणि पांढुरकी नखं असली तर डोक्याला काही लावण्याआधी रक्तातलं हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. बायका-मुलींच्या बाबतीत हे वारंवार मागे पडतं. नाण्याएवढे गोल चट्टे पडले तर थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठावा.

नरक चतुर्दशीच्या अभ्यंगाला तेल आणि उटणं ठरलेलंच आहे. त्याच्या आदल्या दिवशी टाळूला ताजा गर लावून पाहा. परसात कोरफड नसेल तर शेजारून एक फुटवा मागून आणा, कापलेली जागा दोन दिवस सुकू द्या, मग निचऱ्याच्या मातीत लावा. पाणी कमी द्या आणि पान कापायची घाई करू नका. चांगला गर भरायला झाडाला दोन-तीन वर्षं लागतात.