जुन्या काचेची ओळख

सुट्टीत तुम्ही बुलढाणा जिल्ह्यातील हिवरा आश्रम या गावी नानीकडे गेला आहात, अशी कल्पना करा. माळा साफ करताना एक जुना कंदील सापडतो. त्याची टाकी गंजली आहे, पण काच शाबूत आहे. दारात भंगारवाला उभा आहे. "देऊन टाका, उगाच जागा अडवतो," असे घरातील कोणीतरी म्हणते. अशा वेळी तुम्ही काय कराल?

घाई करू नका. कंदील हातात घ्या, मऊ फडक्याने धूळ पुसा आणि टाकीवर किंवा काचेवर काही अक्षरे आहेत का ते पाहा. कदाचित तेथे 'प्रभाकर' किंवा 'ओगले' असे नाव दिसेल. तसे असेल, तर तुमच्या हातात महाराष्ट्राच्या इतिहासाचे एक पान आहे.

शंभर वर्षांपूर्वी आपल्या देशात काचेच्या पुष्कळ वस्तू परदेशातून येत. आपली गरज आपणच भागवावी, असे स्वदेशीच्या चळवळीतील लोकांना वाटू लागले. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून एक एक पैसा मागून 'पैसा फंड' उभा केला. लोकमान्य टिळकांनी या कामाला पाठिंबा दिला. या निधीतून 1908 साली पुण्याजवळ तळेगाव येथे काच कारखाना सुरू झाला. जपान व अमेरिका येथे शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तेथील तरुणांना काचेचे काम शिकवले. पुढे 1916 साली कराडजवळ ओगले बंधूंचा काच कारखाना निघाला. त्याच्यामुळे त्या जागेला ओगलेवाडी हे नाव पडले. ज्या घरांत वीज पोहोचली नव्हती, अशा असंख्य घरांत त्यांच्या प्रभाकर कंदिलाने उजेड दिला. पुढे तो कारखाना बंद पडला. आता उरले आहेत ते माळ्यावरचे कंदील.

पण प्रत्येक वस्तूवर नाव असतेच असे नाही. मग जुनी काच कशी ओळखावी? त्यासाठी काच कशी तयार होते, हे थोडे समजून घेऊ. वाळू, सोडा आणि चुना भट्टीत वितळवले की काच बनते. वाळूत लोहाचा अंश असला, तर काचेला हिरवट छटा येते. कारागीर वितळलेल्या काचेचा गोळा फुंकनळीच्या टोकाला घेऊन साच्यात फुंकतो. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात, तिथे वस्तूवर एक बारीक उभी रेघ उमटते. हिला जोडरेघ म्हणू.

जुन्या बाटलीची ही रेघ बहुधा तोंडापर्यंत जात नाही, कारण बाटलीचे तोंड कारागीर नंतर हाताने घडवीत असे. 1903 च्या सुमारास अमेरिकेत मायकेल ओवेन्स यांनी बाटल्या बनवणारे स्वयंचलित यंत्र तयार केले. यंत्राच्या बाटलीवर रेघ थेट तोंडाच्या कडेपर्यंत जाते.

आता वस्तू उलटी करा. तळाच्या मध्यभागी खरखरीत व्रण दिसला, तर काम चालू असताना ती वस्तू लोखंडी दांड्यावर चिकटवून धरली होती, असे समजावे. तळाच्या कडेवरचे ओरखडेही पाहा. वर्षानुवर्षे वापरलेल्या भांड्याचे ओरखडे वेड्यावाकड्या दिशांनी गेलेले असतात. कोणी मुद्दाम घासून ते जुने भासवले असेल, तर ओरखडे बहुधा एकाच दिशेने जातात.

येथे दोन शब्दांची गंमत पाहा. उर्दूत शीशा म्हणजे काच. मराठीत मात्र शिसे म्हणजे एक धातू, ज्याला तुम्ही सीसा म्हणता. हा धातू काचेत मिसळला, तर काच जड आणि अधिक चमकदार होते. तिला हलकेच टिचकी मारली, तर घंटेसारखा नाद येतो.

एकाच खुणेवर मात्र विश्वास ठेवू नये. हाताने काच फुंकण्याचे काम आपल्याकडे अजूनही चालते. म्हणून केवळ व्रण किंवा बुडबुडे दिसले, की वस्तू जुनी ठरत नाही. नावाचेही तसेच आहे. अमेरिकेतील लुई कम्फर्ट टिफनी (1848–1933) यांची इंद्रधनुष्यी रंगांची काच जगप्रसिद्ध आहे. तिला मोठी किंमत येते, म्हणून साध्या काचेवर त्यांची खोटी सही कोरून ती विकणारेही निघाले. फेंटन कंपनीने 1907 च्या सुमारास तशीच झळाळणारी, पण स्वस्त काच बाजारात आणली. तापलेल्या काचेवर धातूंच्या क्षारांचा फवारा मारून ते रंग आणले जात. पुढे लोक तिला जत्रेची काच म्हणू लागले. या कंपनीने त्या जुन्या मालावर आपले नाव घातले नव्हते. 1970 पासून ती अशा काचेवर नाव घालू लागली. म्हणजे तेथे नाव दिसले, तर ती वस्तू नंतरची! म्हणून जोडरेघ, तळ, झीज, रंग आणि नाव या सर्वांची साक्ष एकत्र घ्यावी.

संग्रह करायला श्रीमंती लागत नाही. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (1896–1990) यांनी दिवे, अडकित्ते, भांडी अशा रोजच्या वापरातील वस्तू गावोगाव फिरून जमवल्या. आपल्या लहानपणीच वारलेल्या मुलाची, राजाची, आठवण म्हणून त्यांनी संग्रहालयाला त्याचे नाव दिले. तुम्हीही सुरुवात करू शकता. गोळीच्या सोड्याची बाटली, अत्तराची कुपी, आजीची बांगडी यांपासून प्रारंभ करा. प्रत्येक वस्तूबरोबर एक चिठ्ठी ठेवा. वस्तू कोणाची होती, कोठून आली, कशासाठी वापरत, हे त्या चिठ्ठीत लिहा. थंड काचेवर गरम पाणी ओतू नका, ती तडकते. फुटलेल्या काचेला उघड्या हाताने शिवू नका. जुन्या वास्तूंच्या आवारात उकरून वस्तू काढू नका, कारण वस्तू जेथे सापडते ती जागाही इतिहास सांगत असते.

आता पुन्हा माळ्याखाली येऊ. भंगारवाला अजून दारात उभा आहे. त्याच्या तराजूत कंदिलाच्या पत्र्याचे वजन होईल, पण त्याच्या उजेडात कोण शिकले, कोणी रात्रीची रोटी भाजली, हे त्या तराजूला कळणार नाही. ते नानीला ठाऊक आहे. आधी तिच्याजवळ बसा, विचारा आणि लिहून घ्या. मग कंदिलाचे काय करायचे ते तुम्हीच ठरवा.