बर्फाच्या दारापर्यंत गेलेला मुंबईचा साग

पेण तालुक्यातल्या जोहे गावाची ओळख गणपतीच्या कारखान्यांची. पण या भागातल्या खारपट्टीच्या शेतकऱ्याची नजर पंचांगातल्या अमावास्या-पौर्णिमेवर असते. भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, पाणी गुमान येतं-जातं. उधाणाला मात्र बांध फुटायची धास्ती. धरमतरच्या खाडीतून चढणारी ही भरती मुंबई बंदरातूनच आत येते. दोनशे वर्षांपूर्वी याच भरतीने दोन सागवानी युद्धनौका मुंबईच्या गोदीतून उचलून समुद्रात आणल्या. पुढे त्या दोन्ही थेट अलास्कात, बेरिंग सामुद्रधुनीच्या तोंडाशी पोचल्या.

‘अ‍ॅम्फिट्राइट’ आणि ‘ट्रिंकोमाली’ ही त्यांची नावं. नेपोलियनशी लढता लढता इंग्लंडमधला ओक कमी पडू लागला, तेव्हा ब्रिटिश नौदलाने मुंबईच्या वाडिया घराण्याकडे धाव घेतली. मुख्य कारागीर होते जमशेटजी बोमनजी वाडिया. जहाजांचे आराखडे घेऊन निघालेली ‘जावा’ ही नौका डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने पकडली, त्यामुळे आराखडे पुन्हा पाठवावे लागले. ‘ट्रिंकोमाली’चं काम सुरू व्हायला १८१६ उजाडलं. पारशी रिवाजाप्रमाणे तिच्या तळाच्या मुख्य तुळईत चांदीचा खिळा ठोकला गेला.

मुंबईत मोठी जहाजं सुक्या गोदीत बांधत. जहाज तयार झालं की दारं उघडून भरतीचं पाणी आत घ्यायचं. जहाज आपसूक तरंगतं. यासाठी भरती-ओहोटीतला फरक मोठा लागतो. मुंबईत उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत आले की दोघांची ओढ एकवटते, मात्र सर्वांत मोठी भरती अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येते. पाण्याच्या एवढ्या पसाऱ्याला ओढीमागे धावायला वेळ लागतोच. ‘ट्रिंकोमाली’ पाण्यात उतरली १२ ऑक्टोबर १८१७ ला. चांद्रमासाचं गणित उलटं मांडून पाहिलं, तर अमावास्या नुकतीच होऊन गेलेली दिसते. तारीख निवडणाऱ्याला उधाण नेमकं कळत होतं, असं मी तरी म्हणेन. त्यानंतर चोविसाव्या दिवशी खडकीची लढाई झाली आणि पेशवाईच्या अखेरीला सुरुवात झाली. इंग्रजांच्या एका हातात तेव्हा तलवार होती आणि दुसऱ्या हातात मलबारचा साग.

सागच का? ओकच्या लाकडात टॅनिनसारखी आम्लं असतात. ओल लागली की ती लोखंडी खिळे खातात, खिळा गंजतो आणि भोवतालचं लाकूडही काळं पडून सैल होतं. सागातली तेलकट द्रव्यं लोखंडाला सांभाळून घेतात, वाळवी-बुरशीला दूर ठेवतात. शिवाय साग ओला-सुका होताना फारसा फुगत-आकसत नाही, म्हणून फळ्यांचे सांधे उकलत नाहीत. एक अडचण मात्र आहे. हिरवा साग पाण्यात बुडतो. म्हणून झाडाच्या बुंध्याभोवतीची साल गोल कापून ते उभंच दोन-तीन वर्षं वाळू देत, मग तोडून नदीत सोडत.

आता उत्तरेकडे. मे १८४५ मध्ये सर जॉन फ्रँकलिन ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही जहाजं घेऊन अटलांटिकमधून पॅसिफिकला जाणारी उत्तरेची वाट शोधायला निघाले. १२९ माणसं गेली, एकही परतलं नाही. पुढे वर्षानुवर्षं त्यांचा शोध चालला. दोन्ही जहाजं समुद्रतळाशी सापडली ती थेट २०१४ आणि २०१६ मध्ये. शोधपथकांपैकी रॉचफर्ट मॅग्वायर यांच्या ‘प्लोव्हर’ने अलास्काच्या टोकाला, पॉइंट बॅरोला दोन हिवाळे काढले, १८५२ ते १८५४. तिथे हिवाळ्यात दोनेक महिने सूर्य उगवतच नाही. जहाजावरचे डॉक्टर जॉन सिम्पसन यांनी तो काळ सत्कारणी लावला. शेजारच्या एस्किमो वस्तीची राहणी, शिकार, देवाणघेवाण त्यांनी नोंदवून ठेवली. त्या किनाऱ्याच्या लोकांविषयीची ही सुरुवातीची तपशीलवार नोंद अभ्यासक आजही उघडतात.

पण असल्या मुक्कामाला शिधा लागतो. तो घेऊन १८५३ च्या उन्हाळ्यात ‘अ‍ॅम्फिट्राइट’ बेरिंग सामुद्रधुनीच्या तोंडाशी असलेल्या पोर्ट क्लॅरेन्सला गेली, १८५४ मध्ये ‘ट्रिंकोमाली’. बर्फात अडकण्याचा पराक्रम दोघींनीही केला नाही, म्हणून मोहिमांच्या पुस्तकांत त्यांच्या वाट्याला जेमतेम एखादी ओळ येते. माझ्या मते हा अन्याय आहे. बर्फातला मुक्काम टिकतो तो वेळेवर येणाऱ्या शिध्यावर, आणि बर्फ पुन्हा धरायच्या आत येऊन परतायचं तर जहाज धडधाकटच हवं.

‘प्लोव्हर’ इतकी खिळखिळी झाली होती की १८५४ च्या अखेरीस ती सान फ्रान्सिस्कोतच विकून टाकली. ‘अ‍ॅम्फिट्राइट’ १८७५ मध्ये मोडीत निघाली. ‘ट्रिंकोमाली’वरही १८९७ मध्ये तीच वेळ आली होती, पण एका हौशी माणसाने ती विकत घेऊन तिच्यावर मुलांना दर्यावर्दी शिक्षण द्यायला सुरुवात केली. १९९० ते २००१ या काळात तिची नीट डागडुजी झाली. इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरात ती आजही पाण्यावर आहे. तिच्याहून जुनी ‘व्हिक्टरी’ सुक्या गोदीत असल्याने, तरंगती राहिलेली सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका हा मान या मुंबईकरणीकडे आहे.