आधी भिंत, मग टीव्ही

रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेचं चित्रीकरण झालं ते उंबरगावला. म्हणजे राज्याच्या सीमेवरचा अच्छाडचा नाका ओलांडला की पलीकडच्याच तालुक्यात. २५ जानेवारी १९८७ पासून ती दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागू लागली, तेव्हा गावात ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या ओटीवर पाय ठेवायला जागा नसे. पडदा लहान, स्पीकर एकच, आणि अँटेना फिरवायला एक पोरगं वर चढलेलं. तरी कुणाची तक्रार नव्हती. आता याच पट्ट्यातल्या नव्या घरांत ५५ आणि ६५ इंचांचे पडदे लागतात, सोबत साउंडबार नाहीतर पाच-सात स्पीकरांचा संच येतो. लाखभर रुपये मोजून झाल्यावर घरातली म्हातारी माणसं विचारतात, ‘चित्र झकास आहे, पण ते बोलतायत काय?’

दोष बहुतेक वेळा संचात नसतो. दुकानदार पेटी विकतो. ती ज्या भिंतीवर, ज्या छताखाली आणि ज्या विजेवर चालायची, ते सगळं आपलं असतं. अच्छाड-तलासरीकडे या तिन्ही गोष्टींचा स्वभाव जरा वेगळा आहे. म्हणून इथे खर्चाचा क्रमही उलटा लावावा: आधी घर, मग आवाज, शेवटी इंच.

भिंत काय सांगते?

डहाणू-तलासरी तालुक्यांत नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी तर ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. बहुतेक धक्के लहान असले, तरी दोन बारीक पायांवर उभा असलेला १५-२० किलोंचा पडदा टेबलावरून खाली यायला मोठा भूकंप लागत नाही. त्यामुळे इथे टीव्ही भिंतीला पक्का हवा, नाहीतर मागून पट्ट्याने बांधलेला तरी हवा.

ड्रिल लावल्यावर भोकातून पडणारी भुकटी बघा. लाल पडली तर वीट आहे. फास्टनर विटेतच जाऊ द्या, दोन विटांमधल्या सांध्यात नको. करडी आणि ड्रिल अडखळत चाललं तर काँक्रीट, म्हणजे चिंताच नाही. पांढरट, पिठासारखी भुकटी भराभर पडू लागली, तर भिंत हलक्या ब्लॉकची आहे. तिथे साधा प्लग काही दिवसांत सैल होतो. त्या ब्लॉकसाठीचे वेगळे अँकर मागून घ्यावेत. जुन्या कुडाच्या घरात, कारवीवर शेणामातीचा लेप दिलेल्या भिंतीला तर हातच लावू नये. तिथे जड बुडाचा लोखंडी स्टँड घ्यावा आणि टीव्हीच्या पाठीवरच्या भोकांतून पट्टा घेऊन तो घराच्या मेढीला बांधावा. उंचीवर ठेवलेल्या स्पीकरांनाही हाच नियम लागू.

वीज आणि अर्थिंग

डहाणूचं ५०० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र मुंबईच्या उपनगरांसाठी उभं राहिलं. आपल्या मीटरपर्यंत येते ती महावितरणची लाइन, आणि पहिल्या वळवाच्या पावसात ती कशी नाचते हे वेगळं सांगायला नको. आजचे बहुतेक टीव्ही १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यामुळे कमी दाबाला ते सहसा बधत नाहीत. खरा धोका असतो तो वीज जाऊन परत येताना बसणाऱ्या झटक्याचा आणि आकाशातल्या विजेचा.

त्यासाठी सर्ज प्रोटेक्टर मिळतो. तो जादा दाब अर्थिंगच्या तारेतून जमिनीत सोडतो. पण अर्थिंगच नसेल तर सोडणार कुठे? जुन्या घरांत तीन भोकांचं सॉकेट असतं आणि तिसऱ्या भोकात तार नसते. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घेणं हा या साऱ्या खरेदीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आधी करायचा खर्च. ढग गडगडू लागले की पिना काढाव्यात. डिश अँटेनाची केबल आणि इंटरनेटची तांब्याची वायरसुद्धा.

छतावरून येणारा आवाज

डॉल्बी ॲटमॉस हे नाव आता साउंडबारच्या खोक्यावरही असतं. २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आलेल्या या तंत्रात आवाज डोक्यावरूनही येतो. संचावर ५.१.२ लिहिलेलं असेल तर पाच स्पीकर आजूबाजूला, एक खर्जाचा सबवूफर आणि दोन वरच्या आवाजाचे. घरगुती संचांत हे शेवटचे दोन बहुधा वर तोंड करून बसवलेले असतात. ते आवाज छतावर मारतात आणि छत तो खाली आपल्याकडे पाठवतं.

यात एक अट आहे: छत सपाट आणि कडक हवं. आठ-दहा फुटांवरच्या स्लॅबखाली हे छान जमतं. उतरत्या कौलांखाली किंवा पत्र्याखाली आवाज भलतीकडेच जातो. पत्र्याच्या घरात मुसळधार पाऊस लागला की ॲटमॉस राहू द्या, बातम्यासुद्धा ऐकू येत नाहीत. स्लॅब नसेल तर वरच्या दोन स्पीकरांवर पैसे घालू नयेत. तेवढ्यात मधला स्पीकर चांगला घ्यावा. चित्रपटातले संवाद मुख्यतः या मधल्या स्पीकरमधूनच येतात. म्हाताऱ्यांच्या तक्रारीवरचा उपाय तो आहे. टीव्ही अलीकडे इतके सपाट झालेत, की त्यांचे आतले स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसतात आणि शब्द भिंतीवर आपटून मग आपल्याकडे येतात.

टाळी आणि आरसा

बसायच्या जागी उभं राहून एक खणखणीत टाळी वाजवा. मागोमाग ‘झिंग’ असा आवाज आला, तर खोली घुमते आहे. गुळगुळीत फरशी आणि गिलाव्याच्या उघड्या भिंती आवाज शोषत नाहीत, परतवतात. मग एकाने कोचावर बसावं आणि दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यावा. बसलेल्याला आरशात जिथे स्पीकर दिसेल, तिथूनच त्याचा आवाज उसळून कानावर येतो. त्या जागी जाड पडदा किंवा गोधडी टांगावी आणि पुढ्यात सतरंजी अंथरावी. हजाराच्या आत काम होतं, आणि फरक दहा हजारांच्या स्पीकरएवढा पडतो.

खर्जाचं गणित निराळं. १२ फुटी खोलीत सुमारे ४७ हर्ट्झचा खर्ज भिंतींपाशी फुगतो आणि बरोबर मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून कोच ना भिंतीला चिकटवावा, ना मध्यावर ठेवावा. महामार्गालगत घर असेल तर ट्रेलरची घरघर याच खर्जात मिसळते. तिथे मोठ्या सबवूफरपेक्षा घट्ट बसणारी खिडकी जास्त उपयोगी.

इंच शेवटी

५५ इंची फोर-के पडद्यापासून साडेपाच ते सात फूट, ६५ इंचीपासून साडेसहा ते सव्वाआठ फूट हे सोयीचं अंतर. दिवसभर उजेड असलेल्या दिवाणखान्यात मिनी एलईडी बरा. रात्री दिवे मालवून सिनेमा बघणाऱ्यांनी ओएलईडी घ्यावा, त्यातला काळा खरोखर काळा असतो. घरी आणल्यावर दुकानातला भडक मोड बदलून सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड लावा. सिनेमाला मालिकेची कळा आणणारं मोशन स्मूदिंग बंद करा. साउंडबारची केबल ‘ईएआरसी’ लिहिलेल्या एचडीएमआय सॉकेटमध्येच घाला.

वापीत घ्यावा की तलासरीत, हा इथला नेहमीचा प्रश्न. १ जुलै २०१७ पासून सीमेच्या दोन्ही बाजूंना जीएसटी सारखाच आहे, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा दर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे दुरुस्तीला माणूस कुठून आणि किती दिवसांत येणार, हे विचारून दुकान ठरवा. आणताना छोट्या हत्तीत खोकं उभंच ठेवा. आडवं टाकलेलं पॅनेल खड्ड्यात तडकतं.

बसवणारा शेवटी स्फोटांची आणि विमानांची फीत लावून दाखवेल. ती ऐकून काही ठरवू नका. खरा स्फोट आपण कुठे ऐकलाय? त्याला तारप्याचं चांगलं ध्वनिमुद्रण लावायला सांगा. भोपळ्यातून अखंड घुमणारा तो सूर या भागातल्या माणसाच्या कानात लहानपणापासून बसलेला असतो. तो ओळखीचा वाटेपर्यंत स्पीकर पुढेमागे सरकवायला लावा, आणि तोवर बसवणाऱ्याला चहा पाजून थांबवून ठेवा.